जन्मतःच बारीक असलं तर अंग भरतच नाही का? (जीम, टेस्टोस्टेरॉन, सुया आणि आईचं म्हणणं)

माणदेशी_गडी
राम राम मंडळी. मी माण तालुक्यातला, नोकरीसाठी साताऱ्यात असतो, वय २७, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६१. जीम बरेच दिवस सुरू आहे आणि दांड्या मारत नाही. रूममेट वाळव्याचा, दोघांनी एकत्रच चालू केलेलं, सेट तेच, वजनं जवळपास तीच, आणि आता त्याचा शर्ट दंडात बसत नाही नि माझा अजून लोंबतोय. ट्रेनर म्हणाला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपास. तपासलं, ४३० आलं, रिपोर्टवर रेंज ३०० ते १००० छापलीय म्हणजे नॉर्मलच, पण तो म्हणतो तुझ्या वयाला हे कमी, एक छोटा कोर्स टाक, फक्त टेस्टोस्टेरॉनच्या सुया, दोन-तीन महिन्यांत माणूस बदलतो.

घरी आईला (कोर्सचं सोडून) सहज म्हटलं की अंग धरत नाही, तर ती म्हणाली तू जन्मलास तेव्हाच दोन किलोच्या जरा वर होतास, मी सातव्या महिन्यापर्यंत उसाच्या तोडीला होते, तुझं अंग कुठनं धरणार. म्हटली हसत पण मला ते लागलं. तर प्रश्न असा की हे खरंच असतंय का, पोटात असताना आणि लहानपणी जे झालं त्यावर माणसाची बॉडी किती होणार हे ठरतं का? आणि ठरलंच असेल तर मग सुई हाच रस्ता उरतो का?

शंभरफुटी_सांगलीकर
भावा ते हार्मोन बिर्मोन नंतर, आधी खातोस काय ते सांग. खरं सांग हां.

माणदेशी_गडी
सकाळी चहा-पोहे, दुपारी मेसचा डबा, रात्री भात-आमटी आणि दोन अंडी, रविवारी चिकन. प्रोटीन पावडरचा एक डबा आणलेला, संपल्यावर परत नाही आणला, पगार तेवढा नाही.

शंभरफुटी_सांगलीकर
झालं. केस क्लोज. धागा बंद करा 😄

लॅबमधली_ताई
केस एवढ्यात क्लोज करू नका, पोराने चांगला प्रश्न विचारलाय. मी मिरजेला लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट घेऊन पोरं रोज येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सॅम्पल किती वाजता दिलं? टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दुपारनंतर उतरतं, खाल्ल्यावरही उतरतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी, शक्यतो दहाच्या आत द्यायचं, आणि कमी आलं तरी एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं, दुसऱ्या दिवशी परत करायचं. ड्युटी करून संध्याकाळी दिलेलं असेल तर त्या ४३० वर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समज की ४३० खरंच आहे आणि रूममेटचं ७०० आहे. तरी त्याचे दंड त्यामुळे वाढले असं म्हणता येत नाही. नॉर्मल रेंजच्या आतला फरक आणि व्यायामाने वाढणारा स्नायू यांचा संबंध फार कमी सापडतो. २०१८ मध्ये कॅनडात धडधाकट तरुण पोरांवर झालेल्या अभ्यासात रक्तातल्या हार्मोनवरून कोण किती वाढणार हे सांगताच आलं नाही, फरक दिसला तो स्नायूच्या आत अँड्रोजन रिसेप्टर किती आहेत त्यात. म्हणजे हार्मोन रक्तात किती फिरतंय यापेक्षा ते पकडायला पेशीत जागा किती आहेत हे बघायला पाहिजे, आणि ती तपासणी कुठल्याच जीमवाल्याकडे नाही.

आता सुई. सुईने अंग वाढतं, खोटं कशाला बोलू. १९९६ चा शालेंदर भसीन यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्याच्या कितीतरी पट. नुसता व्यायाम केलेल्यांचं चरबी सोडून वजन साधारण २ किलो वाढलं, नुसती सुई घेऊन काहीच व्यायाम न केलेल्यांचं ३ किलोच्या वर, दोन्ही केलेल्यांचं ६ च्या आसपास. म्हणून ट्रेनर लोकांना ते आवडतं, काही न करता रिझल्ट दिसतो आणि क्रेडिट त्यांना.

पण बाहेरून एवढं आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी गप्प बसते, अंडकोषांना काम सांगणारे तिचे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन बंद होतात, अंडकोष काम थांबवतात आणि आकसतात, शुक्राणू खाली येतात, कधी शून्यावर. कोर्स थांबवल्यावर ते परत चालू व्हायला महिने जातात आणि सगळ्यांचं पहिल्यासारखं होतंच असं नाही. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली जोडपी वीर्यतपासणीला येतात, नवरा अंगाने भरलेला असतो आणि रिपोर्ट हातात घेतल्यावर त्याचा चेहरा बघवत नाही. बायकोला आधी चार डॉक्टर फिरवून आणलेलं असतं ते वेगळंच.

तांबड्या_मातीतला
ताई बराबर बोलली. पण पोरा, बाकी ती जन्माची भानगड डोक्यातनं काढ. आमच्या टायमाला कोण वजन करत होतं जन्मल्यावर? खाशाबा जाधव कुठले, तुझ्याच जिल्ह्यातले, कराडजवळ गोळेश्वर. उंचीला लहान माणूस, ५७ किलोच्या गटात १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकात ब्राँझ आणलं. लोकांकडनं वर्गणी गोळा करून गेलेला माणूस. इकडं कवठेपिरानचे मारुती माने, १९६४ चे हिंदकेसरी. कुणी हार्मोन तपासलेला? पहाटे उठून जोर-बैठका, माती उकरायची, खुराक खायचा आणि वस्तादाचं ऐकायचं. आजकाल पोरं रिपोर्ट जास्त बघत्यात आणि घाम कमी गाळत्यात.

कृष्णाकाठ
वस्ताद तुमचा मान आहेच, पण ज्यांची नावं घेतली ते टिकून वर आलेले. तालमीत गेलेल्या बाकीच्यांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि खाशाबा तर आमच्या बाजूनेच साक्ष देतायत, ५७ किलोच्या गटातच खेळले ना, मारुती मानेंच्या गटात नाही. आपल्या सांगलीचा संकेत सरगर बघा, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून सिल्व्हर. ताकद आणि आकार एकच नाही. काठी लहान असली म्हणून माणूस कमजोर नसतो, पण म्हणून काठी कुठनं येते हे विचारायचंच नाही असं थोडंच आहे.

आता मूळ प्रश्नावर येतो, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आई बोलली ते बऱ्यापैकी खरं आहे. स्नायूचे धागे, म्हणजे फायबर, किती असणार हे बहुतांश पोटात असतानाच ठरतं. जन्मानंतर व्यायामाने जे वाढतं ते मुख्यतः त्या धाग्यांची जाडी, संख्या नाही. बाळाला पोटात कमी मिळालं की शरीर आधी मेंदू सांभाळतं, आणि स्नायूचं काम मागं टाकतं. तासगावकडचे बागायतदार असतील तर त्यांना लगेच कळेल, ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड किती निघणार ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच काडीत ठरून गेलेलं असतं, नंतर तुम्ही मणी फुगवू शकता, घड वाढवू शकत नाही.

हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका, यातलं फार महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांना गरोदर व्हायच्या आधीपासून फॉलो केलं. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमध्ये साऊदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत अशी की आपली बाळं सगळीकडनं सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. वरून बारीक, आतून चरबी जास्त. याज्ञिकांनी आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्वतःचेच आकडे छापलेले, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अगदी सेम, पण ब्रिटिश डॉक्टरच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या अंगात २१. आपल्याकडे सडपातळ माणसाला चाळिशीत शुगर निघते त्याचं एक मोठं कारण इथे आहे.

आणि त्याच गावांत असंही दिसलं की ज्या आया गरोदरपणात दूध, फळं, पालेभाज्या जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी, आणि ज्यांना शेतातलं, पाणी वाहायचं जड काम जास्त त्यांची लहान. म्हणजे तोडीला गेलेल्या आईने जे सांगितलं ते बरंचसं याच अभ्यासात लिहिलेलं आहे.

माणदेशी_गडी
हे वाचून कसंतरीच झालं. म्हणजे आईची चूक...

कृष्णाकाठ
अरे आईची चूक कसली! तिला कुणी विचारलं का की तोडीला जातेस का घरी बसतेस? माण, जत, आटपाडीत पाऊस नाही, उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता उचलावाच लागतो. चूक शोधायचीच तर इथं शोध की आपल्या जिल्ह्यांत लिटरच्या लिटर दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जातं आणि ज्या घरात गोठा आहे त्याच घरातली गरोदर बाई कोरा चहा पिते. हे मी स्वतःच्या भावकीत बघितलंय, कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातनं जातो म्हणून.

लॅबमधली_ताई
+१. आणि बाई शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो फक्त.

विट्याचा_विक्या
बरं पण हार्मोनचं काय? लहानपणाचा आणि टेस्टोस्टेरॉनचा संबंध असतो का, का ते वेगळंच?

कृष्णाकाठ
असतो, आणि तो भाग मला सगळ्यात भारी वाटतो. पोरगं जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याचं टेस्टोस्टेरॉन एकदा चांगलंच वर जातं, दोन-तीन महिन्यांचं असताना टोकाला, मग सहा महिन्यांपर्यंत खाली, आणि मग थेट वयात येईपर्यंत शांत. डॉक्टर त्याला मिनी-प्युबर्टी म्हणतात. त्या काळात पोराला दूध कसं मिळतंय, जुलाब-ताप किती होतोय याला महत्त्व आहे. फिलिपिन्समध्ये सेबू शहरात जन्मापासून मोठं होईपर्यंत पाहिलेल्या पोरांचा अभ्यास २०१० मध्ये आला, पहिल्या सहा महिन्यांत ज्यांचं वजन झपाट्याने वाढलं ते तरुणपणी उंच, जास्त स्नायूवाले, ताकदवान निघाले, वयातही लवकर आले आणि टेस्टोस्टेरॉनही जास्त.

दुसरा २०१८ चा, बांगलादेशी पुरुषांवरचा. सिल्हेटमध्ये वाढलेले आणि लहानपणी इंग्लंडला गेलेले, रक्त एकच, पण जे इंग्लंडमध्ये वाढले त्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त. मोठेपणी गेलेल्यांचं मात्र वाढलं नव्हतं. म्हणजे शरीर लहानपणी अंदाज घेतं की इथं रोगराई किती, खायला किती, आणि त्या हिशोबाने हार्मोनचं मीटर कुठे लावायचं ते ठरवतं. पण एक लक्षात ठेवा, जास्त म्हणजे चांगलंच असं नाही, त्याच संशोधकांनी म्हटलंय की आयुष्यभर जास्त पातळी राहिली तर प्रोस्टेटच्या आजाराचा धोकाही वाढू शकतो.

विट्याचा_विक्या
मिसरूड बारावीपर्यंत फुटलं नव्हतं आमचं, आता कळलं का 😅

तांबड्या_मातीतला
मग काय, ज्याचं लहानपण हलाखीत गेलं त्यानं लंगोट लावायचाच न्हाई? असलं सांगू नका रं पोरांना. बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली पोरं सुकडी नि मिलो खाऊन वाढली, त्यातली कैक आमच्या तालमीत होती आणि चांगली लढली.

कृष्णाकाठ
तसं कुठं म्हणतोय मामा. वरची मर्यादा आणि आत्ता तो उभा आहे ती जागा यात केवढं अंतर आहे ते बघा ना. आकडेच मांडतो.

एफएफएमआय म्हणून एक मोजमाप आहे, चरबी सोडून जे वजन उरतं त्याला उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागायचं. १९९५ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी स्टेरॉइड (म्हणजे असल्याच सुया-गोळ्या) घेणारे ८३ आणि न घेणारे ७४ खेळाडू मोजले, न घेणाऱ्यांची वरची हद्द साधारण २५ आली. स्टेरॉइड यायच्या आधीच्या जमान्यातले मिस्टर अमेरिका काढले तर त्यांची सरासरी २५.४. अर्थात ते निवडक लोक, आणि आपल्या अंगकाठीचे नव्हेत, तेव्हा २५ हा काही आपला टार्गेट नाही.

आता आपला गडी. उंची १.६८, वजन ६१, चरबी अंदाजे १८ टक्के धरू. चरबी सोडून ५० किलो, भागिले २.८२, आले १७.७. म्हणजे व्यायाम न करणाऱ्या साध्या माणसाएवढा. जन्माने त्याची हद्द २५ ऐवजी २२ वर आणली असं वाईटात वाईट धरलं तरी २२ म्हणजे ६२ किलो. बारा किलो स्नायूची जागा रिकामी आहे राव! आणि हा बसलाय छताची उंची मोजत.

शंभरफुटी_सांगलीकर
म्हणून पहिलाच प्रश्न विचारलेला मी, खातोस काय 😎

माणदेशी_गडी
पण मग रूममेट? तो पण मेसचाच डबा खातो.

लॅबमधली_ताई
माणसामाणसात फरक पडतोच, तो आपल्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. २००५ चा एक अभ्यास आहे, ५८५ जणांना बारा आठवडे एका हाताचा एकच व्यायाम दिला. कुणाचा बायसेप्स ५९ टक्के वाढला, कुणाचा वाढलाच नाही, उलट दोन टक्के कमी भरला. व्यायाम सगळ्यांना तोच. त्यामुळे रूममेटशी तुलना बंद कर, स्वतःच्या मागच्या वर्षीच्या वजनांशी कर. आणि हो, तो मेसबाहेर काय खातो हे तू चोवीस तास बघत नाहीस. वाळव्याहून दर आठवड्याला डबा येत असेल त्याला.

माणदेशी_गडी
येतो 😐 तूप, शेंगदाण्याचे लाडू, सुकं मटण.

शंभरफुटी_सांगलीकर
हाहाहा आणि हा गेला टेस्टोस्टेरॉन तपासायला

विट्याचा_विक्या
पावडर न घेता प्रोटीन कसं बसवायचं ते कुणीतरी लिहा बाबा, उपयोगाचं ते आहे.

शंभरफुटी_सांगलीकर
मी लिहितो, माझं रोजचं हेच. स्नायूसाठी किलोला साधारण १.६ ग्रॅम धरतात, ६१ किलोला शंभरच्या जवळपास. चार अंडी २४-२५, अर्धा लिटर दूध १६, सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम (कोरड्या मोजायच्या) २६. झाले ६६-६७. राहिलेले भाकरी, डाळ, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे यात निघतात. डब्यातली आमटी पातळ असते तेवढी डाळ वेगळी मागून घे, मेसवाल्या मावशी देतात. वजन वाढायचं असेल तर भात कमी करायचा शहाणपणा करू नको, रील बघून लोक भात सोडतात आणि मग म्हणतात अंग भरत नाही. व्यायामात वही ठेव, दर काही आठवड्यांनी वजन किंवा रिपिटेशन वाढलं पाहिजे, तेच डंबेल वर्षभर उचलून काय होणार.

आणि नाईट शिफ्ट असेल तर झोप कुठून तरी काढ. कमी झोपलं की टेस्टोस्टेरॉन खरोखर उतरतं, त्याला सुई लागत नाही.

बाळाची_आई_कराड
मी इथे नवीन आहे, विषय वेगळा वाटेल पण विचारते. माझा मुलगा जन्मताना २.३ होता, आता दीड वर्षाचा आहे. वरचं वाचून घाबरले. त्याला आता भरपूर खायला घालून भरून निघेल का? सासूबाई बिस्किट-साखर-तूप चालू करा म्हणतात.

लॅबमधली_ताई
ताई घाबरू नका. वर जे आहे ते हजारो लोकांच्या सरासरीचं, एका बाळाचं भविष्य नाही त्यात. पण साखर-बिस्किटाने भरून काढू नका. पहिल्या काही महिन्यांतली वाढ बऱ्यापैकी स्नायू-हाडात जाते, नंतर दोन-तीन वर्षांपासून पुढे जे झपाट्याने वजन वाढतं त्यात चरबीचा वाटा मोठा असतो. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांवर पाहिलंय, जन्मताना लहान आणि नंतर चरबी जास्त झालेली जी मुलं होती त्यांच्यातच इन्सुलिनचा प्रतिकार (म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, पुढे शुगरचा धोका) सगळ्यात जास्त. तेव्हा अंडं, दूध, डाळ, भाज्या, लसी वेळेवर, पळू-खेळू द्या, आणि दवाखान्यातल्या वाढीच्या तक्त्यावर रेष नीट चाललीय का ते डॉक्टरांकडून बघत राहा. उंची पण मोजायला लावा, आपल्याकडे फक्त वजन मोजतात.

घरात शाकाहार असेल तर बी-१२ चं विचारून घ्या, तुमचं पण. पुण्याच्या त्या अभ्यासात बऱ्याच आयांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि ज्यांचं फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच) जास्त पण बी-१२ कमी त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिकार दिसला. पुढे २०१२ पासून त्याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन पाहायचं काम सुरू झालं, म्हणजे त्यांची पुढची बाळं तरी नीट यावीत.

कृष्णाकाठ
हे मला सगळ्यात पटतं. पंचवीस वर्षांच्या पोराच्या सुयांवर पैसे घालवण्यापेक्षा तेवढेच पैसे घरातल्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या ताटात गेले तर पुढच्या पिढीची काठीच बदलेल. पण जीमच्या फ्लेक्सवर त्या पोरीचा फोटो येत नाही ना.

तांबड्या_मातीतला
हे मात्र लाख बोललास. आमच्याकडं पैलवान पोराला दोन लिटर आणि त्याच्या बहिणीला कपभर, तेबी चहात. आता पोरीबी कुस्ती खेळायला लागल्यात म्हणून जरा फरक पडलाय.

माणदेशी_गडी
सगळ्यांचे आभार. ट्रेनरला नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाला तुझी मर्जी, मग नॅचरल राहून स्टेजवर उभा राहू नको. मला कुठं स्टेजवर जायचंय. अंडी वाढवलीत, दूध आजपासून. ताई, सॅम्पल मी ड्युटी सुटल्यावर सहा वाजता दिलेलं, जेवणही झालेलं. परत करू का?

लॅबमधली_ताई
त्रास काही नसेल, म्हणजे थकवा, इच्छा कमी होणं, दाढी-मिशी विरळ होणं असलं काही, तर करायची गरजच नाही, ते पैसे अंड्यांना लाव. तरी मनात राहत असेल तर सकाळी आठच्या सुमारास, रात्री नीट झोपून, आणि कमी आलं तर ट्रेनरकडे नाही, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे.

विट्याचा_विक्या
उपाशीपोटी म्हणजे चहा चालतो का पण?

लॅबमधली_ताई
नाही. पाणी प्या हवं तेवढं.